चाललेली स्क्रिप्ट परत बघायची तर: एस-कंट्रोल की एसॲक्ट?

स्लर्म म्हणजे अनेकांच्या सामायिक संगणकांवर कामं रांगेत लावून चालवणारा प्रोग्राम. त्यावर एसबॅच या आज्ञेनं जॉब (स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं काम) लावला की स्क्रिप्टची प्रत तेव्हाच स्लर्मकडे जाते. मागाहून फोल्डरमधल्या फाइलीत कितीही खाडाखोड करा, चालते ती लावतानाचीच. त्यामुळे नेमकं काय चाललं हे बघायला नुसतं कॅट (फाइल पडद्यावर छापणारी आज्ञा) कामाचं नाही. वाटा दोन, दोन्ही स्लर्मच्याच आज्ञा: 'एस-कंट्रोल राइट बॅच-स्क्रिप्ट' किंवा 'एसॲक्ट' आणि त्याला मायनस कॅपिटल बी. दोन्हीत स्वतःचेच जॉब दिसतात.

मी बरीच वर्षं एस-कंट्रोलवाला. जॉबचा नंबर द्या, पुढं नुसती आडवी रेघ द्या, स्क्रिप्ट समोर पडद्यावर. रेघ नाही दिली तर नंबराच्या नावाची फाइल तयार. वर मथळा नाही, काही नाही. तीच फाइल तशीच परत लावता येते. जॉब रांगेत किंवा चालू असेल तर मी आजही हेच वापरतो.

पण गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बेळगावात अनगोळला घरी बसून मलप्रभेच्या पाणलोटाचे जॉब लावत होतो. कणकुंबीकडं पाऊस कोसळत होता आणि इकडं करंट गेला. इन्व्हर्टरवर पंखा आणि एक ट्यूब, राऊटर नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी परत लॉगिन केलं तर जॉब संपलेला. स्क्रिप्टमधली इनपुटची ओळ मी जुलैवरून ऑगस्टवर बदलली होती, पण जॉब लावायच्या आधी की नंतर, काही केल्या आठवेना. आउटपुटमध्ये महिना छापलेला नाही. एस-कंट्रोलला विचारलं तर 'इनव्हॅलिड जॉब आयडी स्पेसिफाइड'. अरे, मघाशी तूच दिलेला नंबर की हा!

कारण साधं आहे. एस-कंट्रोल ज्याला विचारतं तो स्लर्मचा कंट्रोलर (रांग सांभाळणारा मुख्य भाग) संपलेला जॉब मूळ सेटिंगप्रमाणे 300 सेकंद लक्षात ठेवतो, मग विसरतो. आमच्याकडं करंट पाच मिनिटांत कधी येतो? जॉब पुन्हा लावला, नंबर लागायला सकाळ झाली.

एसॲक्ट डेटाबेसमधून वाचतं, म्हणून आठवड्यानंतरही स्क्रिप्ट हाती लागते. कटकटी त्याच्याही आहेत. वर मथळा आणि रेघ छापतं, परत लावण्याआधी ते उडवावं लागतं. शिवाय 21.08 आवृत्ती किंवा नंतरची हवी आणि ॲडमिननं स्क्रिप्ट साठवायचं सेटिंग चालू केलेलं हवं, नाहीतर 'नन' एवढंच उत्तर. ॲडमिनला एक मेल टाकून बघा. मला तरी त्यासाठी फार हातापाया पडावं लागलं नाही.

तुमचं काम ऑफिसातच, लाइन पक्की, जॉब संपताक्षणी बघायची सवय असेल तर एस-कंट्रोल पुरे, उगाच बदलू नका. खानापूर-निपाणीकडून घरून काम करत असाल तर मात्र मी एसॲक्टच म्हणेन.

आणि ॲडमिन ऐकतच नसेल तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला कॅट डॉलर-शून्य ही ओळ टाकून ठेवा. जॉबमध्ये डॉलर-शून्य म्हणजे नोडवरची (जॉब चालतो त्या मशीनवरची) तीच लावतानाची प्रत, ती आउटपुट फाइलीच्या डोक्यावरच छापून येते. स्क्रिप्ट जी पायथन फाइल बोलावते, तिची प्रत मात्र यातलं कुणीच ठेवत नाही. ती मी अजून हातानंच कॉपी करतो.