वाढत्या कंपनीचा सीईओ: आतला की बाहेरचा?

अंधेरीत कार्यालय आणि भिवंडीत गोदाम असलेली एखादी कंपनी वाढता वाढता अशा टप्प्यावर येते, की प्रत्येक फाइल संस्थापकाच्या सहीसाठी अडते आणि कारभार दुसऱ्याच्या हाती सोपवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अशा वेळी वर्षानुवर्षे सोबत असलेल्या सहकाऱ्याला मुख्य कार्यकारी अधिकारी करावे, की मोठ्या कंपनीत मुरलेला माणूस बाहेरून आणावा, याचा निर्णय कंपनी पुढे कोणत्या कामाला हात घालणार आहे, हे पाहून घ्यावा.

आतल्या माणसाचे खरे भांडवल म्हणजे त्याला असलेली बारीकसारीक माहिती. कोणत्या वितरकाला आणखी माल द्यावा, कोणाची जुनी उधारी आधी वसूल करावी, हे त्याला कागद न पाहता ठाऊक असते. वाढत्या कंपनीत हे फार मोलाचे आहे, कारण विक्री दुप्पट झाली की कच्च्या मालाचे पैसे आधी मोजावे लागतात आणि ग्राहकाकडून रक्कम उशिरा येते; नफा-तोटा पत्रकात नफा दिसत असतानाही पगाराच्या तारखेला खाते रिकामे असू शकते. मात्र ज्यांच्यासोबत काल जेवणाचा डबा खाल्ला, त्यांच्याकडून आज हिशेब मागणे त्याला जड जाते आणि संस्थापकाला स्पष्ट नकार देण्याची सवय तर बहुधा नसतेच.

बाहेरून आलेला माणूस शिस्त घेऊन येतो: अंदाजपत्रक, दरमहा आढावा, जबाबदाऱ्यांची लेखी वाटणी. पण मोठ्या कंपनीत त्याच्या पाठीशी वित्त, कायदा आणि मनुष्यबळ असे सज्ज विभाग होते. येथे थकबाकीसाठी त्यालाच फोन करावा लागेल. ही तयारी मुलाखतीतच तपासावी. ९० दिवसांहून जुन्या उधारीची यादी समोर ठेवावी आणि पहिल्या आठवड्यात काय कराल, असे विचारावे.

मुंबईतील एचडीएफसी बँकेने दोन्ही मार्ग अनुसरले. १९९४ मध्ये बँक उभारायची होती तेव्हा सिटीबँकेतून आदित्य पुरी आले. २०२० मध्ये त्यांची जागा शशिधर जगदीशन यांनी घेतली, जे १९९६ पासून त्याच बँकेत होते. याउलट इन्फोसिसमध्ये २०१४ साली बाहेरून आलेले विशाल सिक्का संस्थापकांशी जाहीर मतभेद झाल्यानंतर २०१७ मध्ये पायउतार झाले, तर त्यांच्यानंतर २०१८ मध्ये आलेले सलील पारेख, तेही बाहेरचेच असून, स्थिरावले. म्हणून केवळ बाहेरचेपणाला दोष देणे मला पटत नाही.

मला अधिक भावतो तो पॅराशूट तेल बनवणाऱ्या मॅरिको कंपनीचा मधला मार्ग: माणूस बाहेरून आणायचा, पण आत मुरू द्यायचा. सौगत गुप्ता २००४ मध्ये तेथे रुजू झाले आणि २०१४ मध्ये संस्थापक हर्ष मारीवाला यांनी व्यवस्थापकीय संचालकपद त्यांच्याकडे सोपवले. ज्याच्याकडे इतका अवधी आहे, त्याने हाच मार्ग धरावा. अवधी नसेल आणि पुढची वाढ आजच्याच व्यवसायात असेल, तर आतला माणूस निवडावा व त्याला कसलेला वित्तप्रमुख द्यावा. निर्यात, शेअर बाजारात नोंदणी किंवा दुसरी कंपनी विकत घेणे यांसारखे कंपनीत कोणीच न केलेले काम समोर असेल, तर बाहेरचा.

दोघांनाही एक प्रश्न जरूर विचारावा: तुम्ही घडवलेला असा कोण आहे, जो आज तुम्हाला न विचारता निर्णय घेतो? ज्याला एकही नाव सांगता येत नाही, त्याच्या टेबलावर पुन्हा फाइलींचा ढीगच साचेल.

सीईओला व्यवस्थापकीय संचालकही केले, तर कंपनी कायदा २०१३ नुसार ती नेमणूक एका वेळी जास्तीत जास्त ५ वर्षांसाठी करता येते. किती रकमेपर्यंतचा खर्च, कोणती भरती आणि किती सवलत तो स्वतःच्या अधिकारात मंजूर करील, हे नेमणूकपत्रासोबत लेखी द्यावे. तसे लिहून देण्याची संस्थापकाची तयारी नसेल, तर तूर्त बाहेरचा माणूस आणूच नये.