ॲडव्हेंट रीथचा घरगुती संच : कडे उत्तम, पुस्तिका घाईची

आगमनकाळ (ॲडव्हेंट) म्हणजे नाताळची वाट पाहण्याचा, त्याआधीच्या चार रविवारांचा ख्रिस्ती काळ, आणि ॲडव्हेंट रीथ म्हणजे त्या काळात दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत लावायचे कडे. घरी प्रार्थनेच्या वेळी वापरण्यासाठी याचे जे तयार संच मिळतात, त्यांपैकी एक मी संपूर्ण आगमनकाळभर वापरला. लोखंडी कडे, त्यावर मेणबत्त्यांसाठी चार खोबणी, तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी, मध्यभागी नाताळच्या दिवशी लावायची एक पांढरी, कड्याभोवती गुंडाळायची कृत्रिम हिरवी पाने आणि रोजच्या वाचनाची छोटी पुस्तिका, एवढे साहित्य त्यात होते. कड्याविषयी मी मनापासून समाधानी आहे, पुस्तिकेविषयी नाही. प्रार्थनेसाठी घेतलेली वस्तू दिसते कशी याहून ती त्या काळाचा क्रम पाळते की नाही हे महत्त्वाचे आहे, म्हणून दोन्हींविषयी सविस्तर लिहीत आहे.

कडे जड आहे आणि मेजावर स्थिर बसते. खोबणी पुरेशी खोल असल्यामुळे मेणबत्ती कलत नाही, आणि प्रत्येक खोबणीखाली मेण साठण्यासाठी रुंद ताटली दिलेली आहे. ही ताटली नसलेले संच टाळावेत, कारण पहिली मेणबत्ती सर्व आठवडे जळत असल्याने तिचे मेण अपेक्षेपेक्षा बरेच अधिक ओघळते. चारही मेणबत्त्या सारख्याच उंचीच्या दिल्या आहेत, त्यामुळे चौथ्या रविवारी पहिली बुडाशी आलेली असते आणि चौथी जवळजवळ नवी असते. काहींना हे विजोड वाटेल, पण मला तीच या वस्तूची खरी शोभा वाटते, कारण किती दिवस वाट पाहिली हे त्या उतरत्या उंचीत समोर दिसत राहते. बॅटरीवर चालणाऱ्या मेणबत्त्यांच्या संचात नेमके हेच हरवते. रुग्णालयात किंवा वसतिगृहात, जिथे ज्योत लावण्याची परवानगी नसते, तिथे मात्र त्यांना पर्याय नाही.

कृत्रिम पानांबद्दल माझे मत मिश्र आहे. खऱ्या पानांचा ताजेपणा त्यांना नाही, आणि हिरवेपणा हे जीवनाचे चिन्ह म्हणून तिथे असते हे लक्षात घेता ती थोडी निर्जीव वाटतात. पण खरी पाने तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाळून कोळ होतात आणि ज्योतीजवळ धोकादायक ठरतात. कृत्रिम पानेही पेट घेऊ शकतात, म्हणून मी ती कड्याच्या बाहेरच्या बाजूला, ज्योतीपासून दूर बांधली.

या वस्तूचा उगम मुलांना वाट पाहता यावी म्हणूनच झाला. हॅम्बुर्गजवळ निराधार मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ ही संस्था चालवणारे लुथरन (एका प्रोटेस्टंट पंथाचे) धर्मसेवक योहान हिन्रिख विखर्न यांनी 1839 मध्ये गाडीच्या एका चाकावर रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या, कारण नाताळला किती दिवस उरले असे मुले त्यांना सारखी विचारत असत. पुढे लहान मेणबत्त्या गळून फक्त चार उरल्या आणि हे कडे इतर ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्यांतही, म्हणजे चर्चमध्येही, पोहोचले. आपल्या घरातील मुलांच्या हाती दिवसाची मोजणी सोपवायची असेल तर या संचाचा उपयोग चांगला होतो.

आता पुस्तिका. तिची पाने 1 डिसेंबरपासून 24 डिसेंबरपर्यंत क्रमांकित आहेत, जशी छोट्या दारांच्या छापील दिनदर्शिकेत असतात. परंतु आगमनकाळ 1 डिसेंबरला बांधलेला नाही. तो 30 नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी, म्हणजे 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांदरम्यान केव्हाही सुरू होतो. 2022 साली तो 27 नोव्हेंबरला सुरू झाला, तेव्हा या पुस्तिकेनुसार पहिल्या चार दिवसांसाठी वाचनच नसते. 2023 साली तो 3 डिसेंबरला सुरू झाला आणि चौथा रविवार 24 डिसेंबरलाच आला. रविवारांप्रमाणे आखणी केली असती तर ही अडचण आली नसती.

त्याहून मोठी उणीव आशयाची आहे. पहिल्याच पानावर गव्हाणी, बाळ आणि मेंढपाळ येतात. जे चार आठवड्यांनी यायचे ते पहिल्याच संध्याकाळी हाती दिल्यावर वाट कशाची पाहायची? उपासनेतील वाचनांचा क्रम किती वेगळा आहे पाहा. पहिल्या रविवारचे शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाविषयीच्या ग्रंथांतील वाचन, जागे राहण्याविषयी असते. मार्ककृत शुभवर्तमानातील घरधनी संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की सकाळी येईल हे दारावरच्या नोकराला ठाऊक नसते. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी येशूच्या आधी येऊन पश्चात्तापाचा उपदेश करणारा, बाप्तिस्मा करणारा योहान येतो, आणि मरिया व योसेफ यांच्याकडे आपण चौथ्या रविवारीच पोहोचतो.

या पुस्तिकेत योहान एकाही पानावर नाही. हे मला फार खटकले, कारण रोजच्या जगण्याशी सर्वांत थेट बोलणारा तोच आहे. लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतो की लोकांनी त्याला ‘आम्ही काय करावे?’ असे विचारले, तेव्हा त्याने दोन अंगरखे असणाऱ्याला एक देऊन टाकायला सांगितले, जकातदारांना ठरल्यापेक्षा अधिक न घेण्याची आणि शिपायांना जुलूम न करण्याची ताकीद दिली. पश्चात्ताप म्हणजे कपाट, हिशेब आणि हाती असलेला अधिकार यांत काय बदलायचे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा उतारा वगळून त्याऐवजी मनःशांतीविषयी सर्वसाधारण वाक्ये दिली आहेत. पुढे हाच योहान तुरुंगातून येशूला निरोप पाठवून विचारतो की येणारे ते आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी. मत्तयकृत शुभवर्तमानातील हे वाचन उपासनेतील वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रात एकदा तिसऱ्या रविवारी, म्हणजे गुलाबी मेणबत्तीच्या आनंदाच्या रविवारी येते. संशयाने ग्रासलेल्या माणसाला आनंदाच्या दिवशी जागा देणारा हा क्रम मला फार दिलासा देतो, आणि तो पुस्तिकेत नसल्याने ज्यांना या काळात दुःख किंवा एकटेपण सोसावे लागते अशा वाचकांसाठी तिच्यात फारसे काही उरत नाही.

एक भाग मात्र खरोखर चांगला आहे. 17 ते 23 डिसेंबर या दिवसांसाठी सायंप्रार्थनेतील सात जुनी संबोधने दिली आहेत: ज्ञान, प्रभू, इशायाचा (दाविदाच्या वडिलांचा) अंकुर, दाविदाची किल्ली, उगवता प्रकाश, राष्ट्रांचा राजा आणि इम्मानुएल. प्रत्येकासोबत बायबलमधील मूळ उतारे, विशेषतः यशया संदेष्ट्याचे, जोडलेले आहेत आणि त्यांवरचे मनन नेमके व संयत आहे. ही सात पाने मी प्रत्येक आगमनकाळी वाचेन.

एरवी पुस्तिका बाजूला ठेवून मंडळीच्या वाचनमालेतील त्या दिवसाचे उतारे वाचावेत, आणि संच कड्यासाठीच घ्यावा. पहिली मेणबत्ती रोज लांबलचक प्रार्थनेत जळणार असेल तर त्याच जाडीची एक जास्तीची जांभळी मेणबत्ती आधीच आणून ठेवावी, कारण या संचात ती दिलेली नाही.