मँगोस्टीनची 'नर-मादी जोडी' घेतली आणि फसले

स्वतःचा गाढवपणा सांगायला लाज वाटतेय, तरी लिहितेय, कारण तोच फोटो आणि तीच "दोन वर्षांत फळ, गॅरंटी" वाली जाहिरात परवा परत दिसली.

घरी मँगोस्टीन (जाड जांभळ्या सालीचं, आत पांढऱ्या गोड फोडींचं फळ) लावायचं खूळ माझ्या डोक्यात बरेच दिवस होतं. ऑनलाइन एकाकडून आधी बिया मागवल्या. झिपलॉकच्या पाकिटात दहा बिया आल्या, खडखडीत वाळलेल्या, हलवलं की आवाज यायचा. मला वाटलं वा, नीट वाळवून पाठवल्यात. दोन महिने कोकोपीटवर स्प्रे मारत बसले, शेवटी उकरून बघितलं तर आत नुसता भुगा. विक्रेत्याला मेसेज केला तर म्हणतो मॅडम तुम्ही पाणी जास्त घातलं, आणि मी ते मान्यसुद्धा केलं! खरं म्हणजे मँगोस्टीनची बी वाळली की संपली. फळातून काढल्यावर गर धुवून लगेच ओल्या मातीत गेली पाहिजे. म्हणजे वाळलेल्या बियांचं पाकीट जो विकतो तो मेलेला मालच विकतो, मग ते कितीही सुंदर पॅक केलेलं असू दे.

इथेच शहाणं व्हायला हवं होतं. पण त्याने गोड बोलून सांगितलं की बियांपेक्षा कलम घ्या, यात नर आणि मादी झाड वेगळं असतं, जोडी घेतलीत तरच फळ धरतं. आता मला एवढं माहीत होतं की कोकम याच कुळातलं आणि कोकमाला नर-मादी झाडं वेगळी असतात, त्यामुळे मला ते एकदम पटलं. अर्धवट ज्ञान म्हणतात ते हेच. मँगोस्टीनला नर लागतच नाही. परागीकरणाशिवायच फळ धरतं, आणि आतली बी खरं तर आईचीच कॉपी असते, म्हणून बीपासूनचं झाडही आईसारखंच निघतं. एकच झाड पुरतं. जोडी कसली डोंबलाची.

तर जोडी आली. दोन रोपं, बुंध्याला पांढरी टेप गुंडाळलेली, वर लेबलं, एकावर 'नर' एकावर 'मादी'. पानं जाड आणि चकचकीत, फोटोतल्यासारखीच, त्यामुळे मी खूश. आठेक महिन्यांत रोपं भराभर वाढली आणि तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण मँगोस्टीन इतकं हळू वाढतं की बीचं रोप दोन वर्षांत जेमतेम वीतभर होतं. मग एकदा टेप सोडली. खाली साल एकदम गुळगुळीत, ना जोडाची गाठ ना चिरेची खूण, खुंट (खालचं मुळांचं रोप) आणि त्यावर जोडलेली काडी असं काही नव्हतंच, नुसत्या रोपाला टेप गुंडाळून कलम म्हणून पाठवलेलं. म्हटलं निदान रोप तरी खरं असेल, म्हणून एक पान तोडलं तर देठातून पांढरा चीक. मँगोस्टीनचा चीक पिवळा असतो. शिवाय त्याची पानं समोरासमोर जोडीने येतात, माझ्या रोपांची एक इकडे एक तिकडे.

फणस होता. दोन्ही फणस.

पैसे मागायला गेले तर नंबर ब्लॉक. पेमेंटही त्याने बाहेरून डायरेक्ट पाठवायला लावलं होतं, त्यामुळे तक्रार तरी कुठे करणार.

नंतर मी एक ताजं फळ आणून खाल्लं (तळाला जितक्या पाकळ्यांचं फूल उमटलेलं दिसतं तितक्याच आत फोडी असतात, मोजून बघा, मजा येते). सगळ्या फोडींत बी नसते. मला दोन धड बिया मिळाल्या, त्या धुवून त्याच दिवशी उंच कुंडीत सावलीत लावल्या, सोटमूळ लांब जातं म्हणून उंच. तीनेक आठवड्यांत एक उगवली. फळाला आठ-दहा वर्षं तरी लागतील, खरं कलम असतं तरी पाच-सहा लागलीच असती, म्हणजे "दोन वर्षांत फळ" हे वाक्यच मुळात पुरेसं होतं.

फणस काढून टाकायला जीव झाला नाही, मोठ्या ड्रममध्ये लावलेत. त्याला नर आणि मादी फुलं एकाच झाडावर येतात, पण लेबलं अजून तशीच लटकतायत.