'थ्रेड्स' (बीबीसी, १९८४) : जळीत वॉर्डातल्या सिस्टरच्या नजरेतून

जळीत वॉर्डातून सिस्टर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे पडद्यावर भाजलेला माणूस दिसला की माझं लक्ष आधी सलाईनकडे जातं. बहुतेक सिनेमांत एक बाटली टांगलेली असते आणि पेशंट स्वच्छ पट्टीत गुंडाळून बोलत असतो. अणुयुद्धावरच्या 'थ्रेड्स'मध्ये बाटलीच नाही. दवाखान्यात काहीच उरलेलं नाही, आणि ते इतकं खरं दाखवलंय की माझी सून अर्ध्यावरून उठून गॅलरीत गेली.

बॅरी हाइन्सने लिहिलेला आणि मिक जॅक्सनने दिग्दर्शित केलेला हा टीव्हीसाठीचा चित्रपट. गाव इंग्लंडमधलं शेफील्ड, पोलादाच्या कारखान्यांचं. रूथ आणि जिमी ही तरुण जोडी. रूथला दिवस गेलेत, म्हणून लग्न ठरलंय, नवं घर लावायचं चाललंय. टीव्ही-रेडिओवर इराणमध्ये अमेरिका आणि रशिया समोरासमोर आल्याच्या बातम्या येतात आणि घरातलं कुणी नीट ऐकत नाही. हा पहिला भाग थोडा लांबलाय असं कुणी म्हणेल, मला नाही वाटलं. सोलापूरच्या अशोक चौकात पॉवरलूमच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला ती कामगारांची घरं, ती चहाची वेळ, ती लग्नाची घाई लगेच ओळखीची होते.

मग अणुबॉम्बचा हल्ला. जिमीच्या घरी आई-वडील सरकारी सूचनेप्रमाणे दार काढून भिंतीला तिरकं लावतायत, त्यावर गाद्या रचतायत. तेही पुरं होत नाही. जिमीचं पुढे काय झालं, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. मोठ्या दुर्घटनेनंतर नातेवाईक फोटो घेऊन वॉर्डावॉर्डांतून फिरतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे न सांगणं फार लागेल.

आता दवाखान्याबद्दल. आमच्याकडे साधा हिशोब असतो : वजन गुणिले भाजल्याची टक्केवारी गुणिले ४ मिली. पन्नास किलोची बाई चाळीस टक्के भाजली असेल तर पहिल्या चोवीस तासांत ८ लिटर आरएल (रिंगर लॅक्टेट, म्हणजे सलाईनचाच एक प्रकार), त्यातलं निम्मं भाजल्यापासून पहिल्या आठ तासांत. म्हणजे अर्ध्या लिटरच्या १६ बाटल्या, एका पेशंटला. वर वेदनेचं इंजेक्शन, ड्रेसिंग, लघवीचं माप आणि उशाशी जागं बसलेलं माणूस. स्टोव्हच्या भडक्याच्या दोन-तीन केस एका रात्री आल्या की आमची त्रेधा उडायची, आणि तेव्हा लाईट होती, पाणी होतं, स्टोअरला माल होता. सिनेमात रूथ ज्या दवाखान्यातून चालत जाते तिथे फरशीवर रक्त आणि घाण, भूल न देता पाय कापतायत, पेशंटच्या तोंडात बोळा कोंबलाय. निवेदक शांत आवाजात सांगतो की ब्रिटनची सगळी आरोग्यसेवा शाबूत राहिली असती, तरी शेफील्डवर पडलेल्या एका बॉम्बचे जखमी तिला झेपले नसते. औषध-पाण्यावाचून डॉक्टरही शेजारच्या माणसाइतकाच हतबल. हे वाक्य मी थांबवून पुन्हा ऐकलं. आमच्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेही उजनी धरणाहून शंभरेक किलोमीटर पाइपातून पंपाने ओढून. पंप थांबला तर वॉर्डात हात कशाने धुवायचे, एवढा एकच प्रश्न धरून बसलं तरी पुढचं सगळं डोळ्यांपुढे येतं.

महापालिकेच्या तळघरात अडकलेले अधिकारीही उत्तम दाखवलेत. त्यांना खलनायक केलेलं नाही. ती दमलेली, एकमेकांवर खेकसणारी साधी माणसं आहेत, आणि त्यांनाच ठरवावं लागतं की काम करणाऱ्याला किती अन्न द्यायचं आणि बाकीच्यांना किती.

शेवटच्या भागात वर्षं भराभर सरकतात, ते मला कमी पटलं. काळोख आणि थंडीने पिकं जातात, रूथ अकाली म्हातारी होते, डोळ्यांत मोतीबिंदू, हे ठीक. पण नंतर जन्मलेली मुलं इतकं तुटक बोलतील? आई जवळ असलेलं मूल तिचं बोलणं उचलतंच. शेवटचा प्रसंग बाळंतपणाचा आहे. तो मी इथे सांगत नाही, पण लेबर रूममध्ये ड्यूटी केलेल्यांनी मन घट्ट करून बघावा.

मे २०२५ मध्ये देशभर मॉक ड्रिल झाली, तेव्हा आमच्या गल्लीतली शिकलेली मुलंसुद्धा 'एकदाचा अणुबॉम्ब टाका आणि मोकळे व्हा' म्हणत होती. त्यांना मी हा सिनेमा आवर्जून बघायला सांगते. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना तर वर्गातच दाखवावा, आणि नंतर तासभर त्यांना बोलू द्यावं. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यासमोर मात्र लावू नका. बोली तिकडची जड आहे, इंग्रजी सबटायटल्स सुरू ठेवा. जवळजवळ दोन तासांचा आहे, जेवणाआधी बघून घ्या. मधेच बंद करावासा वाटला तर खुशाल करा, पण दुसऱ्या दिवशी उरलेला नक्की बघा.