युरोपात ड्रोन न्यायचाय? तिथल्या ऑपरेटर रजिस्ट्रेशनचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगते, पाचपैकी चार स्टार. फिरायला जाताना स्वतःचा कॅमेरावाला ड्रोन सोबत नेणाऱ्या बाहेरच्या माणसाला युरोपची नोंदणी पद्धत जेवढी सोयीची आहे तेवढी मला दुसरीकडे कुठे दिसली नाही, आणि जो एक स्टार कापलाय त्याचं कारण खाली लिहिलंय.

मुख्य फायदा म्हणजे काम एकदाच करायचं. ३१ डिसेंबर २०२० पासून तिथे २०१९/९४७ नंबरचं रेग्युलेशन लागू झालं आणि आज युरोपियन युनियनचे २७ देश, शिवाय नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन आणि १ जानेवारी २०२३ पासून स्वित्झर्लंड, सगळीकडे एकच नंबर चालतो. बाहेरून येणाऱ्याने ज्या देशात पहिल्यांदा ड्रोन उडवायचा त्या देशाच्या विमान वाहतूक खात्याकडे नाव नोंदवायचं. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. विमान जर्मनीत उतरणार पण ड्रोन पहिल्यांदा बॅगेतून बाहेर निघणार ऑस्ट्रियात, तर नोंदणी ऑस्ट्रियाची, जर्मनीची नाही. तिकिटावर पहिला देश कुठला आहे ते बघायचंच नाही, उडवायचा प्लॅन बघायचा.

दुसरं म्हणजे ही नोंदणी माणसाची होते, मशीनची नाही. तुमच्याकडे एक ड्रोन असो की तीन, तुम्हाला ऑपरेटर म्हणून एकच नंबर मिळतो आणि तोच सगळ्यांवर लावायचा, त्यामुळे मध्ये ड्रोन बदलला तरी परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, हे मला फार आवडलं.

आता २५० ग्रॅमचं. "माझा तर २४९ ग्रॅमचा आहे, मला काही लागत नाही" हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की इथे ठासून लिहिते, कॅमेरा असेल तर युरोपात नोंदणी लागते, वजन कितीही कमी असो. सूट आहे ती खेळणं म्हणून विकल्या जाणाऱ्या ड्रोनला. हलक्या ड्रोनला जी सवलत आहे ती परीक्षेची, नोंदणीची नाही. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनसाठी मॅन्युअल नीट वाचलेलं पुरतं, त्याच्या वर गेलात की ए१/ए३ नावाची ऑनलाइन परीक्षा, ४० प्रश्न, ७५ टक्के म्हणजे ३० बरोबर यायला हवेत, आणि सर्टिफिकेट ५ वर्षं चालतं. तुमच्याकडे दुसऱ्या कुठल्या देशाचं पायलट सर्टिफिकेट असेल तर ते इथे धरत नाहीत, परीक्षा परत द्यायची.

आणि ज्यांच्याकडे डीजेआय मिनी ३ प्रो किंवा मिनी ४ प्रो आहे त्यांनी बॅटरी बघा. साध्या बॅटरीवर तो २५० च्या आत बसतो, पण जास्त वेळ उडावा म्हणून जी प्लस बॅटरी मिळते ती लावली की वजन २९० च्या आसपास जातं आणि तुम्ही एकदम परीक्षेवाल्या गटात. ड्रोन तोच, हात तोच, पण नियम वेगळा, त्यामुळे नुसत्या फिरण्यासाठी जाणाऱ्यांनी साधी बॅटरीच न्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

फॉर्म भरायला तसा अवघड नाही. पासपोर्ट, पत्ता, ईमेल, फोन, आणि काही देशांत इन्शुरन्सचा पॉलिसी नंबर. जर्मनीत प्रत्येक ड्रोनला लायबिलिटी इन्शुरन्स (म्हणजे ड्रोनमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) लागतोच, छोट्याला पण, त्यामुळे रस्त्यात जर्मनी असेल तर पॉलिसी आधीच काढून ठेवा आणि ती परदेशात लागू आहे का ते बघून घ्या.

नंबर आला की तो जरा नीट बघा कारण त्याचे दोन भाग असतात. पहिली १६ अक्षरं, त्यातली सुरुवातीची तीन देशाची (फिनलंड असेल तर एफ-आय-एन), आणि मग एक आडवी रेघ देऊन शेवटची तीन. ही शेवटची तीन गुप्त ठेवायची असतात. म्हणजे स्टिकरवर फक्त १६ छापायची, पण ज्या ड्रोनमध्ये रिमोट आयडी (उडताना ड्रोन स्वतःची ओळख आजूबाजूला रेडिओने पाठवतो ती सोय) आहे त्याच्या अ‍ॅपमध्ये नंबर टाकताना मात्र पूर्ण, शेवटच्या तीन अक्षरांसकट टाकायचा, कारण त्यावरून नंबर खरा आहे की नाही ते तपासलं जातं. अ‍ॅप नंबर घेत नाहीये म्हणून वैतागलेले लोक मी पाहिलेत आणि बहुतेक वेळा त्यांनी ती तीन अक्षरं टाकलेलीच नसतात. मी स्टिकर लेबल प्रिंटरवर काढला, बारीक पण वाचता येईल असा, आणि बॅटरीच्या वरच्या बाजूला न लावता बॉडीवर लावला, बॅटऱ्या बदलत राहतात, बॉडी तीच राहते.

आता तो कापलेला स्टार. नियम एक आहे पण पोर्टल प्रत्येक देशाचं वेगळं, आणि फरक फार मोठा आहे. मी जिथे नोंदणी केली तिथल्या पोर्टलवर पासपोर्टचा स्कॅन अपलोड होताना सेशन संपायचं आणि सगळा फॉर्म परत कोरा, पत्त्याच्या रकान्यात परदेशी पिनकोड टाकला की लाल अक्षरं, आणि मदतीच्या पानाचा अर्धाच भाग इंग्रजीत. काही देशांत तर लॉगिनच स्थानिक डिजिटल ओळखपत्राने होतं आणि परदेशी माणसासाठी वेगळा रस्ता कुठेतरी खालच्या लिंकमध्ये दडवलेला असतो. फी पण देशागणिक वेगळी, मुदत पण वेगळी. एवढी चांगली व्यवस्था बनवलीत तर बाहेरच्यांसाठी एक कॉमन फॉर्म का नाही हे मला खरंच कळत नाही. म्हणून सांगते, निघायच्या आदल्या रात्री बसू नका, काही आठवडे हातात ठेवा, काही ठिकाणी कागद माणूस तपासतो आणि मगच नंबर येतो.

अजून एक गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे नंबर मिळाला म्हणजे उडवायची परवानगी मिळाली असं नाही. गाडीला नंबरप्लेट लागली म्हणून कुठल्याही गल्लीत घुसता येत नाही तसंच हे. १२० मीटरच्या वर जायचं नाही, ड्रोन नजरेसमोर ठेवायचा, गर्दीवरून न्यायचा नाही, आणि कुठे उडवता येतं, कुठे नाही ते दाखवणारा झोनचा नकाशा प्रत्येक देशाचा वेगळा असतो तो उघडून बघायचा. जर्मनीत डिपुल, स्पेनमध्ये एनाइरे, फ्रान्समध्ये जिओपोर्टाय. नकाशावर पॅरिस बघाल तर अख्खं शहर बंद आहे, आयफेल टॉवरचा शॉट डोक्यात असेल तर तो विचार आत्ताच सोडा.

दुसऱ्या देशांशी तुलना करते म्हणजे चार स्टार का दिले ते कळेल. अमेरिकेत एफएएच्या (तिथल्या विमान वाहतूक खात्याच्या) ड्रोनझोन साइटवर ५ डॉलर, ३ वर्षं, आणि छंद म्हणून उडवणाऱ्याचा एकच नंबर त्याच्या सगळ्या ड्रोनना चालतो, ते काम खरंच पटकन होतं. परदेशी माणसाला जे मिळतं ते तिथलं विमान रजिस्ट्रेशन न धरता मालकीची दखल म्हणून धरतात पण वापराला काही फरक पडत नाही. तिथे छंदासाठी उडवत असाल तर २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला कॅमेरा असूनही नोंदणी नाही, म्हणजे युरोपच्या अगदी उलट, फक्त ट्रस्ट नावाची फुकट ऑनलाइन टेस्ट सगळ्यांनाच द्यावी लागते. त्या टेस्टचं सर्टिफिकेट लगेच डाउनलोड करून ठेवा, टेस्ट घेणारे त्याची नोंद ठेवत नाहीत, हरवलं तर टेस्ट परत. आणि नॅशनल पार्कमध्ये २०१४ पासून बंदी आहे, ग्रँड कॅन्यनवरून उडवायचं स्वप्न तिथेच संपतं.

जपान कडक. २० जून २०२२ पासून १०० ग्रॅम आणि त्यावरचा प्रत्येक ड्रोन नोंदवायचा, आणि तिथे नोंदणी मशीनची होते, म्हणजे दोन ड्रोन तर दोन नंबर, शिवाय रिमोट आयडी. दाट वस्तीवरून उडवायचं तर वेगळी परवानगी, आणि तो अर्ज किमान १० कामकाजाचे दिवस आधी करावा लागतो. थायलंडमध्ये टेलिकॉमवाल्यांकडे एक आणि विमान खात्याकडे एक अशा दोन नोंदण्या आणि वर किमान १० लाख बाटचा थर्ड पार्टी विमा. ब्रिटन युनियनमधून बाहेर असल्यामुळे युरोपचा नंबर तिथे चालत नाही, आणि १ जानेवारी २०२६ पासून त्यांनी पण मर्यादा १०० ग्रॅमवर आणलीय, म्हणजे २४९ वाल्यांना आता तिथेही नंबर आणि टेस्ट दोन्ही लागणार. आणि मोरोक्को, इजिप्त अशा देशांत तर पर्यटकाने ड्रोन न्यायचाच नाही, कस्टम्समध्ये काढून घेतात. प्रवासात असे देश मध्ये येत असतील तर ड्रोन घरी ठेवलेला बरा.

एजंटबद्दल पण लिहायलाच हवं. नोंदणी शोधायला गेलात की वरती जाहिरातीत सरकारी वाटणाऱ्या साइट येतात, तोच रंग, तसाच लोगो, आणि कित्येक पट पैसे. माझ्या ओळखीच्या एकीने अशा एका साइटवर पैसे भरले आणि तिला जी पीडीएफ मिळाली त्यावर नंबरच नव्हता, नुसती "अर्ज स्वीकारला" एवढी ओळ. राग येतो अशा लोकांचा. युरोपसाठी ईएएसएच्या (युरोपियन युनियनच्या विमान सुरक्षा संस्थेच्या) साइटवर प्रत्येक देशाच्या अधिकृत खात्याची लिंक दिलेली आहे, तिथूनच जा, गुगलच्या पहिल्या रिझल्टवरून जाऊ नका.

बॅटऱ्या केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये सुट्ट्या बॅटऱ्या चालत नाहीत, टोकांवर टेप लावा. छोट्या ड्रोनच्या बॅटऱ्या १०० वॅट-अवरच्या खूप आत असतात त्यामुळे एअरलाइनची वेगळी मंजुरी लागत नाही, पण किती नेता येतात ते प्रत्येक एअरलाइन ठरवते.

नोंदणीची पीडीएफ आणि परीक्षेचं सर्टिफिकेट फोनमध्ये ऑफलाइन ठेवा, डोंगरात नेटवर्क नसतं आणि पोलिसांनी विचारलं तर तिथेच दाखवावं लागतं. आणि पुढच्या वर्षी युरोपातल्या दुसऱ्या देशात गेलात तर नवा नंबर काढू नका, एका वेळी एकाच देशात नोंदणी ठेवायची असा नियम आहे, फक्त जुन्याची मुदत कधी संपते ते बघा आणि संपत आली असेल तर त्याच पोर्टलवर रिन्यू करा.