नॅनो-उपकरणांचा अभ्यास: ड्रिफ्ट-डिफ्यूजन आधी की लँडाउअर आधी?

इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन नॅनो-उपकरणांकडे वळणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतील विद्यार्थ्यांपुढे दोन वाटा असतात. एक परिचयाची: पी-एन जंक्शन, मॉस कपॅसिटर, ड्रिफ्ट-डिफ्यूजन (विद्युतक्षेत्राने ओढल्यामुळे आणि दाटीकडून विरळाकडे पसरल्यामुळे वाहणारा प्रवाह) आणि आखूड चॅनेलसाठी, म्हणजे ट्रान्झिस्टरमधील प्रवाहाच्या आखूड वाटेसाठी, एकेक दुरुस्ती. दुसरी उलट दिशेने येते. इलेक्ट्रॉन कोठेही न आदळता पार होईल इतक्या आखूड वाहकापासून ती सुरू होते आणि टकरी मागाहून मिसळते. वाहकता ही इलेक्ट्रॉन पार होण्याच्या शक्यतेवर ठरते, हा भौतिकशास्त्रज्ञ रॉल्फ लँडाउअर यांनी 1957 साली मांडलेला विचार तिच्या मुळाशी आहे.

मी दोन्ही वाटांनी गेलो आणि पहिलीवर एकाच गोष्टीने मला छळले: मोबिलिटी, म्हणजे विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन किती सहज सरकतो याचे माप. दोन टकरींमधील सरासरी वेळेवर तिची व्याख्या उभी आहे. मग पदार्थ तोच असताना चॅनेल आखूड करत गेल्यावर मोजलेली मोबिलिटी घसरते कशी, आणि टकरीच होत नसतील तर ही राशी नेमके काय मोजते? उत्तरादाखल बहुधा ‘आभासी मोबिलिटी’ असे नाव आणि जुळवून घेण्याचा आणखी एक स्थिरांक हाती पडतो. दुसऱ्या वाटेवर हा पेच जवळजवळ आपोआप सुटतो. लांबी शून्याकडे नेली तरी रोध शून्य होत नाही. प्रत्येक वाहिनीमागे, म्हणजे इलेक्ट्रॉनला पार होण्यासाठी खुल्या असलेल्या प्रत्येक क्वांटम मार्गिकेमागे, सुमारे 12.9 किलोओहम उरतोच. ठाणे स्थानकाचा पादचारी पूल कितीही आखूड केला तरी जिन्यावरून एका वेळी मोजकीच माणसे चढतात, तसेच हे. एकेक वाहिनी खुली होत गेली की वाहकता पायऱ्यापायऱ्यांनी वाढते, हे 1988 मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या नमुन्यांवर अतिशीत तापमानात दिसलेही. हा उरलेला रोध लांबीच्या हिशेबात घातला की मोबिलिटी घसरल्याचा भास होतो, एवढेच.

अर्थात पहिली वाट टाकाऊ नव्हे. गेट या अभियांत्रिकी परीक्षेचा अभ्यासक्रम तिच्यावरच चालतो, टीकॅडचे (संगणकावर उपकरणे आखून तपासणाऱ्या प्रणालींचे) रोजचे काम तिच्याविना होत नाही, आणि खोलीच्या तापमानाला प्रवाह दहापट करण्यासाठी ट्रान्झिस्टरच्या गेट या नियंत्रक टोकावर किमान 60 मिलिव्होल्ट लागतात, हा निष्कर्ष दोन्हींकडून सारखाच निघतो. दुसरीवर ग्रीन फंक्शन ही क्वांटम गणिताची पद्धत आली की गणित अंगावर येते, हेही मान्य करावे लागेल. मात्र पर्ड्यू विद्यापीठातून चालणाऱ्या नॅनोहब या संकेतस्थळावरील सिम्युलेशन विनामूल्य वापरता येतात आणि त्यासाठी ठाण्याहून कोठे जावेही लागत नाही.

गेट परीक्षा तोंडावर असेल तर पहिलीच वाट धरावी. तशी घाई नसेल, तर माझ्या मते लँडाउअरचे सूत्र आधी पक्के करावे, ग्रीन फंक्शन सध्या बाजूला ठेवावे आणि मगच मॉसफेट या ट्रान्झिस्टरच्या प्रकरणाकडे यावे.