गाडीचा चातुर्मास: चार महिने झेड-फोर शेतातल्या शेडमध्ये झाकून ठेवली त्याचा अनुभव

माझ्याकडं 2011 ची बीएमडब्ल्यू झेड-फोर आहे, सेकंड हँड, दोन सीट, छत घडी होऊन मागं जाणारं. लातुरात असली गाडी कशाला असं विचारू नका, ते घरात रोज विचारतेत. पावसाळ्यात गावाकडच्या रोडवर खड्ड्यात पाणी साचलं की खड्डा वीतभर का हातभर काही कळत नाही, अन् या गाडीचं पोट जमिनीला टेकलेलं. म्हणून 2025 च्या जूनअखेर शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली ती दिवाळी झाल्यावरच बाहेर काढली.

आधी नेटवर लई वाचलं. सगळं थंड देशातलं, हिवाळ्यात गाडी बंद ठेवणाऱ्यांचं: बर्फ, रस्त्यावर टाकलेलं मीठ अन् अँटिफ्रीझ (इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून घालतेत ते). जर्मनीत तर सीझनची नंबरप्लेट मिळते, प्लेटवर महिनेच छापलेले असतेत, तेवढ्याच महिन्यांचा टॅक्स अन् इन्शुरन्स. आपल्याकडं गाडीखाली कुत्रं झोपलं तरी इन्शुरन्स बारा महिन्यांचा.

त्या सगळ्या लोकांचं ऐकून बॅटरीचा ऑटोमॅटिक चार्जर घेतला, साडेपाच हजार गेले. वस्तू वाईट नाही. गाडी लॉक करून ठेवली तरी अलार्म, रिमोट वगैरे थोडा थोडा करंट खातच राहतेत, हा चार्जर बॅटरी फुल करतो अन् मग साडेतेराच्या आसपास व्होल्टवर धरून ठेवतो. पण त्याला लाईट लागते ना भाऊ! शेतातली लाईट आठ तास, ती पण कधी रात्री. जुलै कसाबसा निघाला, ऑगस्टात डीपी जळाला अन् नऊ दिवस अंधार. लाईट आली तेव्हा कळलं की हा चार्जर आपोआप परत चालू होत नाही, बटन दाबावं लागतं, अन् दाबणार कोण? मी गेलो तेव्हा मीटरवर 11.9. फुल बॅटरी 12.6-12.7 दाखवते, 12 च्या खाली जाऊन तशीच पडली की प्लेटांवर सल्फेट धरतं अन् मग तिचा भरवसा नाही. घरी आणून चार्ज केली, वाचली. परत बसवताना निगेटिव्ह टर्मिनल जोडलंच नाही, 10 नंबरच्या पान्याचं दोन मिनिटांचं काम. शेवटी काढली तेव्हा 12.5 होती! फक्त या गाडीत बॅटरी मागं डिकीत आहे, करंट नसला की डिकी बटनावर उघडत नाही, म्हणून किल्लीतली साधी चावी चालते का ते आधीच बघून घ्या.

कव्हरवर मी फसलो. वॉटरप्रूफ म्हणून आतून प्लॅस्टिक असलेलं घेतलं. पत्रा दुपारी तापतो, रात्री गार पडतो, खाली काळ्या मातीची ओल, कव्हरच्या आत गाडी नुसती घामाघूम. वीस दिवसांनी उचललं तर बॉनेटवर पांढरे डाग, पॉलिश करून बरेचसे गेले. मग खाली ताडपत्री, टायरखाली फरशा अन् वरून साधं कापडी कव्हर टाकलं, नंतर त्रास नाही. सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कसा झाला ते सगळ्यांनी बघितलंय, ज्या लातूरला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तिथं शेतातून पाणी हटत नव्हतं. शेड उंचवट्यावर होतं म्हणून गाडी राहिली. इतक्या ओलीत ब्रेक पॅड डिस्कला चिकटतेत, म्हणून हँडब्रेक लावलाच नव्हता, चाकांना पुढं-मागं लाकडाचे ठोकळे.

अण्णांचं मत होतं की दर रविवारी पाच मिनिटं चालू करावी. मी नाही म्हणलो. तेवढ्यात ऑइल तापत नाही, सायलेन्सरात पाणी मात्र साचतं, अन् स्टार्टरनं खाल्लेला करंट पण भरून निघत नाही. पेट्रोलची टाकी फुल केली होती, इथेनॉल ओल ओढतं अन् रिकाम्या टाकीत दमट हवा जास्त. एका जागी उभं राहून टायर खालून चपटं होऊ नये म्हणून हवा 40 पर्यंत भरलेली, तरी पहिले सात-आठ किलोमीटर ठक ठक आलं, मग गेलं.

खरा ताप उंदरांचा. सोयाबीन निघालं अन् पोती आली त्याच शेडमध्ये, गाडीला चिकटून. आठ दिवसांत वायपरच्या पाण्याची नळी कुरतडली, एअर फिल्टरच्या डब्यात भुसकटाचं घरटं. डांबरगोळ्या टाकल्या, उंदीर त्यांच्याच शेजारून फिरायचे. सायलेन्सरच्या तोंडाला अन् हवेच्या वाटेला बारीक जाळी बसवली तिचा उपयोग झाला. पोती दुसरीकडं हलवा म्हणलं तर अण्णा म्हणले, "पोत्याचे पैसे येतेत. तुझी गाडी काय देती?"

पुढच्या जूनला गाडी शहरातच मित्राच्या गाळ्यात लावणार. चार्जर सध्या अण्णांच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावलाय. बटन अण्णा न चुकता दाबतेत.